परक्या नगरीत रुळांवरून

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मराठी वृत्तपत्रांची पाने परदेश सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. पूर्वी या जाहिरातींत सिंगापूर, बँकॉक आणि फार तर युरोपचे सात-आठ देश असत. आता जपानही त्यांत ठळकपणे दिसू लागला आहे. चेरीचा बहर, फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि टोकियो असा आठ-दहा दिवसांचा कार्यक्रम आखलेला असतो. सोबत मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक, रात्री वरण-भात आणि विमानतळापासून विमानतळापर्यंत वातानुकूलित बस. आयुष्यभर काटकसर करून, मुलांची शिक्षणे आणि लग्ने उरकून, साठीच्या उंबरठ्यावर प्रथमच देशाबाहेर पडणाऱ्या दांपत्याला ही सोय हवीशी वाटली तर त्यात नवल नाही, आणि तिची टिंगल करण्याचेही कारण नाही. परंतु या सोयीपोटी एक गोष्ट हातची निसटते. ज्या शहराचे सारे दैनंदिन जीवन रेल्वेच्या रुळांवर चालते, ते शहर गाडीत पाऊल न टाकताच पाहिले जाते. मुंबईत चार दिवस राहून लोकलमध्ये एकदाही न बसलेल्या पाहुण्याने मुंबई पाहिली, असे कोणताही मुंबईकर मान्य करणार नाही. टोकियोलाही हाच न्याय लावावयास हवा.

सहलीतील एखादा मोकळा दिवस, निदान एखादी मोकळी दुपार, बस सोडून रेल्वेने फिरण्यासाठी राखून ठेवावी असे सुचवले की पहिली प्रतिक्रिया भीतीची असते. लिपी कळत नाही, भाषा कळत नाही, गर्दीत चुकामूक झाली तर काय? ही भीती निराधार नाही. टोकियोत 'टोकियो मेट्रो'च्या नऊ आणि महानगर प्रशासनाच्या 'तोएई'च्या चार अशा तेरा भुयारी मार्गिका आहेत. शिवाय 'जेआर पूर्व' या कंपनीच्या मार्गिकांचे वेगळे जाळे आहे आणि केइओ, ओदाक्यू, सेइबू, तोबू, केइसेइ अशा खासगी कंपन्यांच्या गाड्या त्याबाहेर धावतात. या सर्वांचा एकत्र नकाशा प्रथम पाहणाऱ्याला शेवयांचे ताट पालथे झाल्यासारखा वाटतो. एकट्या शिंजुकु स्थानकातून करोनापूर्व काळात दिवसाला पस्तीस लाखांच्या आसपास प्रवाशांची ये-जा होत असे. जगातील सर्वाधिक गर्दीचे स्थानक म्हणून त्याची नोंद आहे आणि त्याला बाहेर पडण्याची दारे दोनशेहून अधिक आहेत. अशा ठिकाणी परका माणूस भांबावून जाणारच.

तरीही दरवर्षी लक्षावधी परदेशी पर्यटक, एक अक्षरही वाचता न येता, या जाळ्यातून सुखरूप हिंडून येतात. हे कसे घडते, हा प्रश्न प्रवासाच्या हौसेपेक्षा अधिक मोलाचा आहे.

त्याचे एक उत्तर अगदी साधे आहे. २००४ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेने प्रत्येक मार्गिकेला एक रोमन अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला एक क्रमांक दिला. गिंझा मार्गिकेचे अक्षर 'जी'. शिबुया हे तिचे 'जी ०१', तर आसाकुसा हे 'जी १९'. शिबुयाला गाडीत बसलेल्या प्रवाशाला उएनोला, म्हणजे 'जी १६'ला जायचे असेल, तर नाव वाचण्याची गरजच उरत नाही. आकडा वाढत चालला की गाडी बरोबर आहे. घटू लागला की उलट दिशेची आहे, पुढच्या स्थानकावर उतरून समोरचा फलाट धरावा. किती स्थानके उरली, हे बोटांवर मोजता येते. पहिलीतल्या नातवालाही हे समजते आणि बहुधा आजोबांच्या आधी समजते. जेआरने आपल्या टोकियोतील स्थानकांना हीच पद्धत २०१६ साली लावली. शहराला वेढा घालणारी तिची हिरव्या रंगाची यामानोते मार्गिका साडेचौतीस किलोमीटर लांब असून तिच्यावर तीस स्थानके आहेत. गाडी गोल फिरत असल्याने उलट दिशेला बसलेला माणूसही शेवटी इच्छित स्थळी पोहोचतोच, आणि काहीच न करता बसून राहिला तर साधारण तासाभरात निघाला तेथे परत येतो. नवख्याने सराव करावा तो याच मार्गिकेवर.

येथे एक गोष्ट आवर्जून पाहण्यासारखी आहे. स्थानकाच्या फलकावर सर्वांत मोठी अक्षरे जपानी भाषेचीच असतात. चित्रलिपीतील नाव असतेच, शिवाय स्वतःच्या लहान मुलांना वाचता यावे म्हणून तेच नाव सोप्या काना लिपीतही लिहिलेले असते. त्यानंतर रोमन अक्षरे, आणि अनेक ठिकाणी चिनी व कोरियन. स्वभाषेचे स्थान तसूभरही न हलवता पाहुण्याची सोय कशी करता येते, याचा हा फलक म्हणजे वस्तुपाठच आहे. फलकावर कोणती भाषा असावी यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी त्याच्याखाली पाच मिनिटे उभे राहावे.

तिकिटाचा प्रश्नही असाच सुटलेला आहे. जेआरने २००१ साली 'सुइका' नावाचे कार्ड आणले, खासगी रेल्वे आणि भुयारी रेल्वेचे 'पास्मो' २००७ साली आले, आणि २०१३ पासून देशातील दहा प्रमुख कार्डे एकमेकांच्या हद्दीत चालू लागली. दारावर कार्ड टेकवायचे, आत जायचे, उतरल्यावर पुन्हा टेकवायचे. भाडे आपोआप वजा होते. कंपन्या कितीही वेगळ्या असोत, प्रवाशाच्या खिशात कार्ड एकच. या ठिकाणी भारतीय पर्यटकांची एक नेहमीची फसगत सांगितली पाहिजे. सात दिवसांचा 'जेआर पास' घेतला की सारे टोकियो फिरता येते, असा समज अनेकांच्या मनात असतो. हा पास भुयारी रेल्वेत चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत एकोणतीस हजार सहाशे पन्नास येनवरून पन्नास हजार येनवर गेली. क्योतो, हिरोशिमा असा दूरचा प्रवास करणाऱ्याला हिशेब करून तो परवडेलही. परंतु केवळ टोकियोत चार दिवस राहणाऱ्याने तो घेणे म्हणजे पैसे समुद्रात टाकणे होय.

खरी गंमत आहे ती दारांत. टोकियोतील स्थानकांची स्वयंचलित दारे बहुतांशी उघडीच असतात. काही चुकले तरच ती मिटतात. मुंबई वा दिल्लीच्या मेट्रोत दार मिटलेले असते आणि पैसे पावल्यावर उघडते. यामागे गर्दी वेगाने पुढे सरकावी हा व्यावहारिक हेतू आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि परक्या माणसाला त्यातून जे जाणवते ते निराळे असते. आणि त्याहूनही लक्षणीय आहे ते दाराच्या आतल्या बाजूला उभे असलेले भाडेपूर्तीचे यंत्र. भाड्याचा तक्ता कळला नाही म्हणून एखाद्याने सर्वांत कमी किमतीचे तिकीट काढले आणि चार स्थानके पुढे गेला, तर बाहेर पडण्यापूर्वी ते तिकीट या यंत्रात घालावे. यंत्र फरकाची रक्कम सांगते, तेवढी भरावी, बाहेर पडावे. दंड नाही, जाब नाही, चार लोकांत मान खाली घालणे नाही. अजाणतेपणी झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली लबाडी यांत ही व्यवस्था फरक करते. गावाकडून मुंबईत आलेला, जलद आणि धीम्या गाडीचा भेद न कळल्याने पुढच्या स्थानकावर उतरलेला प्रामाणिक माणूस तिकीट तपासनिसापुढे कसा कावराबावरा होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या यंत्राचे मोल निराळे सांगावयास नको.

जलद आणि धीम्या गाड्यांच्या या बाबतीत मात्र मुंबईकराची बाजू भक्कम आहे. चुओ मार्गिकेची नारिंगी पट्ट्याची जलद गाडी आणि पिवळ्या पट्ट्याची धीमी गाडी शेजारच्या फलाटांवरून सुटतात, तेव्हा युरोपातून आलेले पर्यटक गोंधळून नकाशा उलटासुलटा करीत राहतात. ज्याने आयुष्याची पंचवीस वर्षे कसारा जलद, कर्जत जलद आणि ठाणे धीमी यांचा भेद नुसत्या घोषणेवरून ओळखला, त्याला हे नवे नाही.

नवे आहे ते गाडीतील मौन. सकाळच्या वेळी डब्यात खांद्याला खांदा लागलेला असतो आणि तरी आवाज असतो तो चाकांचा. भ्रमणध्वनीवर कोणी बोलत नाही. पाठीवरची पिशवी काढून पोटाशी धरली जाते. फलाटावर आखलेल्या खुणांपाशी दोन रांगा लागतात आणि उतरणारे उतरून गेल्यावरच चढणारे हलतात. अशा डब्यात दहा-बारा जणांचा भारतीय गट शिरतो. "अहो, इकडे या, इकडे जागा आहे" अशी हाक या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. कोणीतरी पिशवीतून चिवड्याचा डबा काढते. जपानी माणूस काही बोलत नाही. तो फक्त नजर खाली वळवतो. त्या गटातील कोणाला आपण कोणाचे मन दुखावले आहे याची कल्पनाही नसते, कारण त्यांच्या लेखी हा आपुलकीचा आवाज असतो. परंतु परदेशात पाऊल ठेवलेला माणूस एकटा नसतो. त्याच्या वागण्यावरून पाहणारे त्याच्या देशाचा अंदाज बांधतात. दूर पल्ल्याच्या बुलेट ट्रेनमध्ये डबा उघडून जेवणे रीतसर आहे, स्थानकांवर त्यासाठी खास डबेही मिळतात. शहरातल्या लोकलमध्ये मात्र ते टाळावे. आणि केळ्याची साल वा कागद टाकायला कचरापेटी शोधत बसू नये. २० मार्च १९९५ रोजी ओम शिन्रिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी गाड्यांत सरिन हा विषारी वायू सोडून अनेकांचे बळी घेतले, त्यानंतर स्थानकांवरच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर हलविण्यात आल्या. लोक आपला कचरा आपल्या पिशवीतून घरी नेतात.

हे सारे वाचून जपान म्हणजे स्वर्ग असा भाबडा निष्कर्ष काढणेही बरोबर नव्हे. गर्दीच्या वेळी तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र डबे ठेवावे लागतात, आणि त्याचे कारण त्या समाजाला भूषणावह नाही. वक्तशीरपणाचीही दुसरी बाजू आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर क्षमा मागितली, तेव्हा जगभर कौतुक झाले. परंतु त्याच देशात २५ एप्रिल २००५ रोजी ओसाकाजवळील अमागासाकी येथे दीड मिनिटाचा उशीर भरून काढण्यासाठी चालकाने गाडी वळणावर बेफाम नेली, डबे रुळांवरून उडून शेजारच्या इमारतीवर आदळले आणि चालकासह एकशे सात जणांचे प्राण गेले. उशीर झालेल्या चालकांना कंपनीत जी अपमानास्पद शिक्षा भोगावी लागे, तिची धास्ती त्याच्या मनात होती, हे चौकशीतून पुढे आले. प्रवाशाची चूक पोटात घालणारी व्यवस्था आपल्याच कर्मचाऱ्याच्या चुकीला क्षमा करीत नव्हती. जपानचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

मग गाडीने जायचे तरी कोठे? बस नेते त्या आसाकुसाच्या मंदिरात वा उंच मनोऱ्यावर जावेच. परंतु भारतीयाला ज्या ठिकाणांशी नाते सांगता येईल, तेथे सहसा बस थांबत नाही. शिंजुकुच्या पूर्व दाराने बाहेर पडले की अगदी जवळ 'नाकामुराया' हे जुने दुकान आहे. इंग्रजांच्या हातून निसटून १९१५ साली जपानला पोहोचलेल्या रासबिहारी बोस यांना देश सोडण्याचा आदेश मिळाला, तेव्हा या दुकानाच्या मालक सोमा दांपत्याने त्यांना आपल्या आवारात लपवून ठेवले. पुढे १९१८ साली त्यांची कन्या तोशिको रासबिहारींची पत्नी झाली. १९२७ साली दुकानाने उपाहारगृह काढले आणि रासबिहारींनी शिकविलेली भारतीय पद्धतीची करी तेथे मिळू लागली. ती आजही मिळते. मात्र ती कोंबडीची असते, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

त्याच शिंजुकुहून मारुनोउची मार्गिकेची गाडी घ्यावी. शिंजुकु म्हणजे 'एम ०८'. उतरायचे आहे 'एम ०४'ला, हिगाशी-कोएंजी येथे. आकडा घटत गेला पाहिजे. गाडी ओगिकुबोकडे जाणारीच धरावी, कारण नाकानो-साकाउए येथून एक फाटा दुसरीकडे वळतो. चारच स्थानके आहेत. वर आल्यावर शांत वस्तीतून थोडे चालले की रेंकोजी हे छोटे बौद्ध मंदिर लागते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या म्हणून जपलेल्या अस्थी सप्टेंबर १९४५ पासून येथे आहेत. त्या खरोखर त्यांच्याच का, यावर भारतात चौकशी आयोग बसले आणि न्यायमूर्ती मुखर्जी आयोगाने नकारार्थी मत दिले. तो वाद आपल्या जागी राहो. पंडित नेहरू १९५७ साली आणि अटलबिहारी वाजपेयी २००१ साली येथे येऊन गेले. आवारात नेताजींचा अर्धपुतळा आहे. आतले दालन नेहमी उघडे असेलच असे नाही, तरी त्या पुतळ्यापुढे दोन मिनिटे उभे राहण्यासाठी एवढा प्रवास करणाऱ्याला तो वाया गेला असे वाटणार नाही.

उएनोला उतरले की शिनोबाझु तळ्यातील बेटावर बेंझाइतेन देवीचे मंदिर आहे. हातात वीणेसारखे वाद्य घेतलेली, जलाशयाच्या सान्निध्यात राहणारी ही देवी म्हणजे चीनमार्गे जपानला पोहोचलेली आपली सरस्वती. केइसेइ कंपनीच्या गाडीने शिबामाताला गेले तर तेथील ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. आणि तोझाइ मार्गिकेवरील निशि-कासाइला, 'टी १६'ला, संध्याकाळी उतरले तर फलाटावर हिंदी, तमिळ आणि मराठीही कानी पडते. कार्यालयांच्या ओतेमाची भागात थेट नेणाऱ्या या गाडीमुळेच संगणक क्षेत्रातील भारतीय कुटुंबे येथे स्थिरावली; २०१९ साली याच एडोगावा विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले.

प्रौढांनी काही पथ्ये मात्र पाळावीत. सकाळी साडेसात ते साडेनऊ मोठे सामान घेऊन गाडीत शिरू नये. अंतरे नकाशात दिसतात त्याहून लांब असतात. डिस्नेलँडला नेणाऱ्या केइयो मार्गिकेचे फलाट टोकियो स्थानकाच्या इतर फलाटांपासून इतके दूर आहेत की गुडघ्यांची कसोटी लागते. उद्वाहने असतात, पण ती शोधावी लागतात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते, त्यानंतर पहाटेपर्यंत रूळ रिकामे आणि टॅक्सी महाग.

बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. जपानात शिंबाशी ते योकोहामा ही पहिली रेल्वे १८७२ साली सुरू झाली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. रेल्वेत वडिलकीचा मान आपला आहे. पण एवढ्या दीर्घ काळात दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेंचे दोन वेगवेगळे 'एक नंबर' फलाट नांदत राहिले आणि परका माणूस पुलावर उभा राहून चुकत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे एक ते चौदा असे सलग क्रमांक देण्यात आले. खर्च तो काय, रंगाचे काही डबे आणि थोडे फलक. मुंबईकर चांगला माणूस आहे. गाडीबद्दल विचारले तर चार जण हात वर करून सांगतात, धावत्या गाडीतून हात देऊन आत ओढतात. परंतु दर वेळी असा माणूस भेटेलच याची शाश्वती नसते आणि विचारायला संकोचणारी माणसेही पुष्कळ असतात. कुलाब्यापासून सीप्झपर्यंतची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली, तिला जपानचे कर्ज लाभले आहे. कर्जासोबत अक्षर-अंकाची ती युक्तीही मागून घेतली, आणि ती मेट्रोपुरती न ठेवता उपनगरी रेल्वेलाही लावली, तर तिच्यावर व्याज पडणार नाही.

कारण मुंबईच्या स्थानकांवरचा परका माणूस बहुधा पर्यटक नसतो. परळच्या टाटा रुग्णालयात जाण्यासाठी विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेला नातेवाईक असतो. एका हातात फाइल, दुसऱ्या हाताने रुग्णाला धरलेले. त्याला मराठी येत नाही, कधी वाचताही येत नाही. आकडे मात्र ओळखता येतात.